हॉव्हरचा अर्थ क्रमांक दोन

"माझ्या एचमध्ये एक चूक दाखवा, ही मिशी उतरवून टेबलावर ठेवतो!"

असं एचवाले आठवड्यातून एकदा तरी ऑफिसात जाहीर करायचे. पैजेला कुणी उभं राहायचं नाही. एक तर त्या मिशीनं कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे एचमध्ये चूक सापडणार नाही, हे सगळ्यांना मनातून ठाऊक होतं.

ऑफिस होतं शब्दकोशाचं. इंग्रजी-मराठी कोश, एका हातानं उचलायला गेलं तर मनगट मुरगळेल एवढा जाडजूड. प्रत्येकाला अक्षरं वाटून दिलेली. त्यामुळे तिथं माणसांची खरी नावं कधीच मागे पडली होती. जी अक्षर करणारे ते जीवाले, आणि नऊ वर्षं एचशी संसार करणारे हे आपले एचवाले. सगळ्यांच्या वर मुख्य संपादकबाई. त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं आणि आवाज खाली ठेवायचा.

बाईंचा एक नियम होता. शब्दाखाली दिलेलं उदाहरण जिवंत हवं! 'ही माझी पिशवी आहे' छापाचं वाक्य दिसलं की त्या कार्डावर लाल फुली मारून ते परत पाठवायच्या. "घरात बघा, रस्त्यात बघा, माणसं कशी वागतात ते बघा आणि लिहा!" मग काय, सगळे आपापल्या घरात हेरगिरी करायला लागले. जीवाल्यांनी सासऱ्यांची कुरकुर तीन वेगवेगळ्या शब्दांखाली वाटून घातली. बंधन एवढंच होतं की नाव घालायचं नाही. नाव नसलं की माणूस ओळखू येत नाही, असा सगळ्यांचा ठाम समज होता.

एचवाल्यांच्या आयुष्यात हॉव्हर हा शब्द आला तेव्हा त्यांनी तो शिकाऱ्यासारखा घेरला. पहिला अर्थ हवेतला. पाखरू पंख मारत एका जागी थांबतं, तो. त्यावरून त्यांचं आणि जीवाल्यांचं कडाक्याचं भांडण झालं.

"घिरट्या घालणे, असं लिहा की!" जीवाले म्हणाले.

"घिरट्या गोल असतात हो! हे एका जागी आहे! तुम्ही कधी आकाशाकडे बघता का?"

"सासरे बघू देत नाहीत."

शेवटी 'हवेत एका जागी तरंगत राहणे' असं ठरलं. तिसरा अर्थ आकड्यांचा, म्हणजे ताप शंभराच्या आसपास राहतो तो. चौथा मनाचा, हे करू की ते करू. पाचवा कॉम्प्युटरवरच्या बाणाचा, न दाबता नुसता चित्रावर नेऊन ठेवायचा. हे सगळे अर्थ एका सकाळी हातावेगळे झाले. अडलं ते दुसऱ्यापाशी. माणूस माणसाच्या आसपास राहतो, जात नाही आणि बोलतही नाही, तो अर्थ. त्याला 'घुटमळणे' हा शब्द त्यांनी लगेच काढला आणि स्वतःवरच खूश झाले. पण उदाहरण? जिवंत?

एचवाले आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचे. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये, ती सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. घरात हे, कार्डांचे खोके आणि शांतता. दुपारी मात्र आक्का यायची.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. आई गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि हे सहा. तिनं शाळा सोडली आणि ह्यांना शाळेत घातलं. इंग्रजी तिला येत नव्हतं, फक्त अक्षरं ओळखता यायची. तरी रोज संध्याकाळी ती पुस्तकात बोट ठेवून ह्यांची स्पेलिंगं घ्यायची, आणि एक अक्षर चुकलं तरी "पुन्हा!" म्हणायची. एचमध्ये चूक सापडत नव्हती, त्याचं खरं कारण हे होतं.

तर ही आक्का दुपारी पावणेतीनला यायची आणि ह्यांच्या खोलीच्या दारात उभी राहायची. आत यायची नाही, बसायची नाही.

"काय गं?"

"काही नाही. तू लिही."

आता अशानं कुणाला लिहिता येतं? मानेवर कुणीतरी बघतंय, हे माणसाच्या मानेला कळतं! एचवाले एक ओळ लिहायचे, दोन खोडायचे. आक्का चौकटीला टेकलेली. पाच मिनिटांनी आवाज यायचा, "पाणी पी रे जरा."

"नको!"

"बरं."

पण जायची नाही! शेवटी एचवाले चिडून टेबलावरचा तांब्या उचलायचे, बायकोनं वाटीत ठेवलेली रक्तदाबाची गोळी हाताला लागायची, ती तोंडात टाकायचे, घटाघट पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "प्यालो! झालं?" मग थोड्या वेळानं आक्का आपसूक निघून जायची. देवाला दया आली, असं एचवाल्यांना वाटायचं.

त्या दिवशी उदाहरण सुचत नव्हतं, उकडत होतं आणि दारात आक्का उभी होती. एचवाल्यांनी डोकं वर केलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी कार्ड ओढलं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, एका दमात लिहून काढलं. 'त्याची थोरली बहीण काही काम नसताना दुपारभर त्याच्या दाराशी घुटमळत राहिली आणि तिनं त्याला एक ओळ लिहू दिली नाही.'

कार्ड बाईंकडे गेलं. परत आलं तेव्हा त्यावर लाल फुली नव्हती. 'उत्तम!' असं होतं. नऊ वर्षांतलं ते दुसरं 'उत्तम'. एचवाले त्या दिवशी घरी बायकोसाठी फुलं घेऊन गेले आणि वाक्य विसरून गेले.

दोन वर्षांनी कोश छापून आला. ऑफिसात पेढ्यांऐवजी खारी बिस्किटं वाटली, कारण बाईंना गोड चालत नव्हतं. प्रत्येकाला एक प्रत मिळाली. एचवाल्यांनी ती पहिल्याच संध्याकाळी आक्काच्या मांडीवर नेऊन ठेवली. तिनं पदरानं आधी डोळे पुसले, मग कोश पुसला.

"तुझं कुठून कुठपर्यंत?"

"एच. हे बघ, इथून इथपर्यंत."

"मी सगळं वाचणार."

"अगं, कोश असा वाचायचा नसतो!"

"तू लिहायचा तसा लिहिलास ना? मग मी वाचायचा तसा वाचते." तिनं भिंग काढलं. "मराठी तर मराठी. रोज आठ पानं."

एचवाले हसत हसत घरी आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जीवाल्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय फर्मास वाक्य आहे हो तुमचं! ती दाराशी घुटमळणारी बहीण! वाचतानाच वैताग येतो तिचा!"

एचवाल्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि त्यांनी ते काढलंसुद्धा नाही.

त्यांनी हिशेब मांडला. हॉव्हर पान चारशे एकतीसवर. आक्काच्या वेगानं ती तिथं शनिवारी पोचणार. हाताशी तीन दिवस! पहिल्या दिवशी ते भिंग न्यायला गेले. "काच घासून आणतो," म्हणाले. आक्कानं दुसरं भिंग काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुचवलं, "आक्का, आधी झेड वाच ना, छोटंसं आहे, लवकर संपतं." ती म्हणाली, "झेड तुझं आहे का?" तिसऱ्या दिवशी आक्का भाजी आणायला खाली उतरली. एचवाल्यांनी खिशातनं ब्लेड काढलं, चारशे एकतिसावं पान मुळाशी कापलं, घडी करून मोज्यात घातलं आणि ती परत येईपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत उभे राहिले. आयुष्यभर पुस्तकाच्या पानाचा कोपरासुद्धा न दुमडलेला माणूस!

शनिवारी फोन आला.

"अरे, चारशे तीसनंतर एकदम चारशे तेहेतीस आलंय!"

"असं? छापखान्याची चूक असणार. होतं असं."

"तुझं पान गाळलं?"

"जाऊ दे गं, एखादं पान!"

"एखादं?" आक्काचा आवाज चढला. "नऊ वर्षं मान मोडून लिहिलंस आणि नेमकं तुझंच गाळलं? जीवाल्यांचं का नाही गाळलं?"

"आक्का, विषय सोड."

"बरं," आक्का म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ एचवाल्यांना लहानपणापासून माहीत असायला हवा होता.

सोमवारी एचवाले ऑफिसात पोचले तर ऑफिस ओळखू येईना! सगळ्या टेबलांवर कोशांच्या चळती. सगळी अक्षरं खाली माना घालून पानं उलटतायत. बाई स्वतः बाह्या सारून उभ्या. आणि बाईंच्या खुर्चीत आक्का!

"आलात? बरं झालं!" बाई म्हणाल्या. "तुमच्या ताई होत्या म्हणून कळलं! प्रतींमधून पान गळलंय! दुकानांत जायची गाडी मी थांबवलीय. पाचशे प्रती आहेत, एकेक उघडून बघायची. बसा, ही तुमची चळत!"

"मी म्हटलं ह्यांना," आक्का म्हणाली, "माझ्या भावाचं पान सापडल्याशिवाय मी इथनं उठणार नाही!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'बाई, मी कापलं' एवढे तीन शब्द. पण समोर आक्का बसली होती, भावाची बाजू घेऊन, इस्त्रीची साडी नेसून. एचवाले खाली बसले आणि जे पान त्यांच्या कपाटात मोज्यात होतं, ते चाळीस प्रतींत शोधत राहिले. चाळीसच्या चाळीस प्रतींत ते त्यांना सापडलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य. चाळिसाव्या वेळी ते वाक्य त्यांना स्वतःचं वाटेना.

दुपारी दोनपर्यंत पाचशे प्रती झाल्या. एकातही पान गेलेलं नव्हतं! बाइंडरला बोलावणं गेलं होतं, तो आला तोच घुश्शात. त्यानं आक्काची प्रत हातात घेतली, उघडली, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "बाई, माझ्या बांधणीला नाव ठेवू नका! हे गळलेलं नाही. ब्लेडनं कापलंय!"

"ब्लेडनं?"

"हे बघा ना, कडा किती सरळ आहे. सफाईदार हात आहे कुणाचा तरी. घरात लहान मूल आहे?"

"नाही हो," आक्का म्हणाली. "घरात मी एकटीच. आणि हा येतो."

सगळं ऑफिस एचवाल्यांकडे बघायला लागलं. एचवाले आपल्या बुटांकडे बघायला लागले.

बाईंना काही उमगलं नाही. त्या आपल्या आनंदात. "जाऊ द्या! ताई, ही घ्या नवी प्रत. आणि तुमच्या भावाचं पान ना, मीच वाचून दाखवते! अहो, सबंध कोशातलं माझं आवडतं उदाहरण ह्याच पानावर आहे!"

"बाई, नको..." एचवाले म्हणाले.

"लाजू नका हो!" आणि बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं. "त्याची थोरली बहीण काही काम नसताना दुपारभर त्याच्या दाराशी घुटमळत राहिली आणि तिनं त्याला एक ओळ लिहू दिली नाही!"

बाई हसल्या. दुसरं कुणी हसलं नाही. बाईंचं हसू हळूहळू मावळलं, कारण एचवाल्यांना थोरली बहीण एकच, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

आक्कानं पुस्तक आपल्याकडे ओढलं, भिंग लावलं, वाक्यावर बोट ठेवून स्वतः एकदा वाचलं.

"मराठी चांगलं आहे," ती म्हणाली. "एक चूक आहे."

"कुठली?" एचवाल्यांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"काम होतं," आक्का म्हणाली आणि उठली. पिशवी उचलली, बाइंडरला "तुम्हाला उगीच त्रास झाला," म्हणाली, बाईंना नमस्कार केला. कोश टेबलावरच राहिला.

त्या संध्याकाळी एचवाल्यांनी बायकोला सगळं सांगितलं. अगदी मोज्यासकट. बायको ऐकता ऐकता पलंगावर बसली.

"अहो, गोळी!" ती म्हणाली.

"कसली गोळी?"

"तीनची! मी फोन करून आठवण करायचे तर तुम्ही माझ्यावर ओरडायचात, मी काय लहान आहे का म्हणून. आठवतंय? आठवडा आठवडा गोळ्या तशाच राहायच्या. डॉक्टर म्हणाले, हा माणूस असाच वागला तर एक दिवस लिहिता लिहिता आडवा होईल. मग मी आक्कांच्या पाया पडले. म्हटलं, काही बोलू नका, बोललं की चिडतात. नुसत्या उभ्या राहा. वाटी रिकामी झाली की निघा."

एचवाले टेबलावरच्या वाटीकडे बघायला लागले.

"गुडघे दुखतात हो त्यांचे," बायको म्हणाली. "दोन जिने चढून यायच्या. म्हणायच्या, बसले तर तो बोलत बसेल, काम खोळंबेल त्याचं. म्हणून उभ्या."

एचवाल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी आरशासमोर उभं राहून त्यांनी मिशी उतरवली. कुणी मागितली नव्हती. ऑफिसात कुणी काही विचारलं नाही, जीवाल्यांनीसुद्धा. ते सरळ बाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, शुद्धिपत्र जोडायचंय. पान चारशे एकतीस."

"इंग्रजी चुकलंय?"

"नाही."

"मराठी?"

"नाही."

"मग?"

"वाक्य खोटं आहे, बाई. तिला काम होतं."

बाईंनी चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण कोश तो कोश. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कोशातलं वाक्य खरं असावं लागत नाही. बरोबर असावं लागतं."

हेच वाक्य एचवाल्यांनी नव्या माणसांना शंभर वेळा ऐकवलं होतं. ते परत जागेवर जाऊन बसले.

आक्कानं भांडण केलं असतं तर फार बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. ती काही बोललीच नाही. फक्त यायची थांबली. पावणेतीन व्हायचे, दार मोकळं असायचं, एचवाल्यांना पुढच्या आवृत्तीची कार्डं भरभर लिहिता यायला हवी होती. अक्षर उमटत नसे. गोळी ते स्वतः घेत, बरोबर तीनला, आणि वर पाणीही पीत, दोन दोन पेले.

आठव्या दिवशी ते तिच्याकडे गेले. माफी मागायची, असं ठरवूनच गेले होते. वाक्यही तयार केलं होतं, चार वेळा खोडून पाचव्यांदा. आक्कानं दार उघडलं.

"ये. काय काम काढलंस?"

एचवाल्यांनी तिच्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बघितलं. "ते... चहाची गाळणी आहे का तुझ्याकडे? आमची फाटलीय."

आक्कानं गाळणी आणून हातात दिली. एचवाले घरी आले. घरात तीन गाळण्या होत्या, त्यात ही चौथी.

दुसऱ्या दिवशी गाळणी परत करायला गेले. "काय काम?" "गाळणी." "ठेव तिथं." तिसऱ्या दिवशी शिडी मागितली, चौथ्या दिवशी शिडी दिली. मग सुई, मग खलबत्ता, मग जुनी छत्री. प्रत्येक वेळी आक्का दारातच विचारायची, काय काम. रागानं नाही हो, अगदी साध्या आवाजात! आणि दर वेळी एचवाल्यांना काम सांगावं लागायचं. बायको म्हणाली, "अहो, सरळ बोला ना त्यांच्याशी!" "बोलणारच आहे," एचवाले म्हणाले. "आज पक्कड परत करायचीय, तेव्हा बोलतो."

गेले. जिना चढताना सबंध वाक्य तीनदा म्हणून घेतलं. आक्कानं दार उघडलं. तिच्या एका हातात भिंग होतं आणि मागे टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. कोश कुठं दिसत नव्हता.

"काय काम?"

"आक्का," एचवाले म्हणाले. "मी ते... मला ना..."

आक्का वाट बघत उभी राहिली. तिनं घाई केली नाही. चौकटीला टेकून, बरोबर तशीच. एचवाल्यांना हजारो इंग्रजी शब्दांचे अर्थ येत होते आणि त्यातला एकही मदतीला आला नाही.

"पक्कड द्यायला आलो होतो," ते म्हणाले.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"बरं. झालं ना काम?"

"झालं," एचवाले म्हणाले, आणि वळले.

खाली रस्त्यावर येईपर्यंत त्यांनी स्वतःला एचपासून सुरू होणाऱ्या सगळ्या शिव्या देऊन टाकल्या होत्या. कोपऱ्यावर रुमाल काढायला म्हणून हात खिशाकडे नेला, तर हातात पक्कड! द्यायचीच राहिली होती. एचवाले तिच्याकडे बघत भर रस्त्यात उभे राहिले. मग त्यांनी ती जपून खिशात घातली आणि बऱ्याच दिवसांनी जरा हलक्या पावलांनी घराकडे निघाले. उद्या जायला काम होतं!